योरुबा धर्म: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इबादान हे नायजेरियातलं मोठं शहर. तिथे आम्ही बारा वर्षं राहिलो. परत आल्यावर मी तिथल्या देवाधर्माबद्दल लिहू लागले आणि पत्रं सुरू झाली. बरेचसे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. कुठूनही वाचायला सुरुवात केली तरी चालेल.

१. योरुबा म्हणजे नेमके कोण? हा धर्म कुठे पाळतात?

योरुबा ही पश्चिम आफ्रिकेतली भाषा, आणि ती बोलणारे लोकही योरुबाच. नायजेरियाचा नैर्ऋत्य भाग हे त्यांचं मूळ घर. शेजारच्या बेनिन आणि टोगो या देशांतही ते आहेत. सगळे मिळून चार कोटींहून अधिक. लागोस, इबादान, अबेओकुटा, ओयो, ओशोग्बो ही त्यांची शहरं, आणि सर्वांत पवित्र ते इले-इफे. जग तिथूनच सुरू झालं असं ते मानतात.

उच्चारांबद्दल दोन शब्द. त्यांची लिपी रोमन आहे, पण खाली टिंब दिलेला ‘स’ हा आपला ‘श’ होतो. म्हणून ‘ओसुन’ नव्हे ‘ओशुन’, ‘सांगो’ नव्हे ‘शांगो’. शिवाय भाषा सुरांची आहे. ओगून हा देव, ओगुन ही नदी आणि ओगुन म्हणजे युद्ध, हे तीन शब्द फक्त सुरांनी वेगळे होतात. आपल्या लिपीत ते सूर दाखवता येत नाहीत.

२. या धर्माला नाव काय?

आज तिथले अनुयायी ‘इशेशे’ म्हणतात. अर्थ साधारण असा: मूळ, पूर्वापार चालत आलेली रीत. जुन्या काळी वेगळं नाव लागलंच नाही. माणूस स्वतःला ओशुनचा, शांगोचा किंवा इफाचा म्हणवायचा (ओशुन आणि शांगो ही दैवतं, इफा ही कौल लावण्याची विद्या).

३. देव एक आहे की अनेक?

एक आहे आणि अनेकही. सर्वांच्या वर ओलोडुमारे, त्यालाच ओलोरुन म्हणजे आकाशाचा धनी म्हणतात. त्याचं देऊळ नाही, मूर्ती नाही, त्याला थेट नैवेद्य दाखवत नाहीत. माणसांचा रोजचा व्यवहार ओरिशांशी, म्हणजे त्याच्या खालच्या देवदेवतांशी. त्यांची संख्या सांगायची पद्धत मला फार आवडते. ते चारशे एक म्हणतात. चारशे म्हणजे पुष्कळ, आणि वरचा एक म्हणजे अजून एकाला जागा आहे.

सगळे ओरिशा सगळ्यांनी पुजायचे असं नाही. घराण्याकडून एखादा चालत येतो, एखादा इफाच्या कौलात निघतो, एखादा आजारपणातून गळ्यात पडतो. ‘माणसं नसतील तर ओरिशाही नाहीत’ अशी त्यांच्यात म्हण आहे, आणि ती श्रद्धावान माणसंच म्हणतात. देवाला भक्त सांभाळतो आणि भक्ताला देव, असं हे दुहेरी नातं आहे.

४. मुख्य ओरिशा कोणते? कोण कशाचा देव?

‘अमका पावसाचा, तमका वाऱ्याचा’ अशी यादी केली की ओरिशा हातातून निसटतो. तरी ओळख करून देते.

ओबाताला पांढऱ्या वस्त्राचा, शांत, माणसाचं शरीर मातीतून घडवणारा. ओरुनमिला ज्ञानाचा, इफाचा स्वामी. एशू चव्हाट्याचा आणि निरोपांचा (त्याच्याबद्दल प्रश्न १० पाहा). शांगो हा ओयोच्या साम्राज्याचा अलाफिन, म्हणजे राजा होता. त्याने गळफास घेतला असं विरोधक म्हणाले, आणि भक्तांनी ठणकावून सांगितलं, ‘ओबा को सो’, राजाने फास घेतला नाही. तो वीज झाला. दुधारी परशू ही त्याची खूण, बाटा ढोल हे त्याचं वाद्य. ओया त्याची बायको, वावटळीची, आणि नायजर नदी तिची. ओशुन गोड्या पाण्याची, पितळेची, लेकरांची. येमोजा ओगुन नदीची आणि मातृत्वाची.

ओगून लोखंडाचा, त्यामुळे त्याचा पसारा रोज वाढतोच आहे. लोहार आणि शिकारी तर त्याचे होतेच, आता ट्रकवाले, गॅरेजवाले, वेल्डर आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरही आले. कोर्टात ख्रिस्ती साक्षीदार बायबलवर हात ठेवतो, मुसलमान कुराणावर, तसा ओगूनला मानणारा लोखंडाच्या तुकड्यावर शपथ घेऊ शकतो. माझ्या ओळखीची बरीच माणसं लोखंडावर खोटं बोलायला जास्त घाबरत.

शोपोना हा देवीच्या रोगाचा स्वामी. आपल्याकडे त्या रोगाचं नाव न घेता ‘देवी’ म्हणत, तसंच तिथेही त्याचं नाव उच्चारत नाहीत. ‘तापलेली जमीन’ असं आडून बोलतात.

५. जग कसं निर्माण झालं, याची कथा काय आहे?

इले-इफेला सांगतात ती अशी. खाली सगळं पाणीच पाणी होतं. ओलोडुमारेने ओबातालाला साखळीवरून खाली पाठवलं. बरोबर गोगलगायीच्या शंखात भरलेली माती आणि पाच बोटांची कोंबडी दिली. वाटेत ओबाताला ताडी प्यायला आणि झोपला. मग ओडुडुवाने सामान उचललं, खाली उतरून पाण्यावर माती ओतली, कोंबडीने ती चारी दिशांना उकरली आणि जमीन झाली. ओडुडुवा पहिला राजा झाला.

ओबातालाकडे माणसं घडवायचं काम राहिलं. नशेत असताना त्याच्या हातून काही शरीरं वेडीवाकडी घडली, म्हणून कुबड असलेली, पांगळी, कोड नसून जन्मतःच गोरी असलेली माणसं ही त्याची खास माणसं. त्यांना हसणं म्हणजे त्याचा अपमान. चूक देवाची आहे आणि देवाने ती कबूल केली आहे. त्याचे भक्त आजही ताडीला शिवत नाहीत.

६. इफा म्हणजे ज्योतिष का?

नाही. ग्रहतारे नाहीत, जन्मवेळ नाही. ‘कौल घेणे’ हा आपला शब्द जास्त जवळचा. पण इफाच्या मागे जे वाङ्मय उभं आहे ते अफाट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

इफाचे २५६ ओडू आहेत. ओडू म्हणजे एक आकृती, आणि त्या आकृतीखाली येणाऱ्या सगळ्या कवितांचं दालन. त्यांतले सोळा मुख्य, बाकीचे त्यांच्या जोड्यांतून होतात. कौल लावणारा तो बाबालावो, म्हणजे गूढाचा बाप. त्याच्याजवळ सोळा पामबिया असतात, त्यांना इकिन म्हणतात. सगळ्या बिया तो एका हातातून दुसऱ्या हाताने झटकन उचलतो. मागे दोन राहिल्या तर लाकडी पाटावरच्या भुकटीत बोटाने एक रेघ, एक राहिली तर दोन रेघा. असं आठ वेळा झालं की ओडू निघाला. घाईच्या कामाला आठ अर्ध्या बियांची साखळी असते, ओपेले. ती एकदा टाकली की कुठली बी पालथी, कुठली उताणी हे पाहून एका फेकीत ओडू कळतो.

एकदा शेजारच्या बाईंबरोबर मी गेले होते. त्यांनी पर्समधून नायराची नोट काढली, ओठांजवळ धरून तिच्याशी काहीतरी पुटपुटल्या आणि घडी घालून चटईवर ठेवली. प्रश्न काय आहे हे बाबालावोला सांगितलंच नाही. सांगायचंच नसतं. त्याने ओपेलेचं टोक नोटेला लावलं, साखळी टाकली, क्षणभर पाहिली आणि म्हणायला सुरुवात केली. कवितेमागून कविता. प्रत्येकीची घडण साधारण सारखी: पूर्वी अमक्या बाबालावोने तमक्यासाठी कौल लावला, त्याची अडचण ही होती, त्याला हे अर्पण करायला सांगितलं, त्याने ते केलं किंवा केलं नाही, मग असं झालं. तो ‘तमका’ कधी राजा असतो, कधी कासव, कधी नदी. चौथ्या की पाचव्या कवितेला बाईंनी हात वर केला. ‘हीच माझी.’ पुढचं बोलणं त्या कवितेवर झालं.

म्हणजे भविष्य बाबालावो सांगत नाही. तो आठवतो, आणि आपली गोष्ट कुठली हे विचारणारा ओळखतो. या परंपरेला युनेस्कोने २००५ साली मानवजातीच्या वारशाची श्रेष्ठ कृती म्हणून जाहीर केलं आणि २००८ मध्ये ती वारशाच्या यादीत नोंदली गेली. पण ती जिवंत आहे ती अशा चटयांवर.

७. बाबालावो व्हायला किती शिकावं लागतं? बायका होऊ शकतात का?

जुन्या पद्धतीत मुलगा लहानपणीच गुरूच्या घरी राहायला जायचा आणि दहा-बारा वर्षं तिथेच काढायचा. गुरूची शेतं, गुरूचं पाणी, आणि पहाटे पाठांतर. आज शाळा सांभाळून शिकतात. काहीजण विद्यापीठातही गेले. वांदे अबिंबोला हे बाबालावोच्या परंपरेतले मोठे विद्वान. इले-इफेच्या विद्यापीठाचे ते कुलगुरू होते, आणि जगभरच्या इफा-उपासकांचे प्रवक्ते ही पदवीही त्यांच्याकडे आहे.

बायका होतात, त्यांना इयानिफा म्हणतात. पण यावर एकमत नाही. नायजेरियात त्या आहेत. क्यूबातले बहुतेक बाबालावो हे मानत नाहीत, आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या बाजूने इफाच्या कवितांचाच दाखला देतात.

८. कवड्या टाकून सांगतात तो इफाच का?

त्याची बहीण म्हणा. त्या पद्धतीला मेरिंडिनलोगुन म्हणतात, म्हणजे सोळा. योरुबात सोळा हा शब्द ‘वीसात चार उणे’ असा बनतो, आपल्या एकोणीससारखा. सोळा कवड्या टाकायच्या आणि किती उताण्या पडल्या ते मोजायचं. ही विद्या ओरिशांच्या पुजाऱ्यांची, आणि यात बायका भरपूर.

मराठी माणसाशी या धर्माचा खराखुरा धागा कुठे असेल तर तो या कवडीत आहे. पैसा म्हणून चालणाऱ्या त्या लहान कवड्या मालदीवच्या समुद्रातून निघत. तिथून त्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यांना येत, आणि सोळाव्या शतकापासून युरोपीय जहाजांतून पश्चिम आफ्रिकेला जात. त्या देऊन माणसं विकत घेतली जात. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली माळ आणि ओशोग्बोच्या पुजारणीपुढची सुपली, दोन्हीकडे त्याच जातीच्या कवड्या दिसतात. मी पहिल्यांदा ती सुपली पाहिली तेव्हा हात आपोआप जोडले गेले.

९. प्राण्यांचा बळी देतात का? आणि नरबळी?

‘एबो’ म्हणजे अर्पण, आणि बळी हा त्याचा एक भाग. बहुतेक एबो साधे असतात: कोलानट, पामतेल, उकडलेला सुरण, मक्याची कढी, कापड, पैसे, कधी फक्त ‘भावाशी बोलणं पुन्हा सुरू कर’ अशी आज्ञा. कोंबडा, बकरा, मेंढा हेही देतात, ओगूनला कुत्रा. बहुतेक वेळा मांस शिजवून सगळे खातात. अमेरिकेत हायलिया शहराने अशा बळींवर बंदी घातली होती. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने रद्द केली. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये धार्मिक बळीला मान्यता दिली.

नरबळी पूर्वी होते, हे लपवण्यात अर्थ नाही. काही राज्यांत राजाच्या मृत्यूच्या वेळी आणि युद्धकाळात माणसं मारली जात. एकोणिसाव्या शतकानंतर ते संपलं. आज वर्तमानपत्रांत ‘पैशासाठी विधी’ म्हणून खुनाच्या बातम्या येतात. ते खून आहेत, आणि इशेशेचे पुढारी त्यांचा जाहीर निषेध करतात. गुन्हेगाराने देवाचं नाव घेतलं म्हणून तो त्या देवाचा होत नाही.

१०. एशू म्हणजे सैतान ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि सर्वांत जास्त दुखवतो. नाही.

गैरसमजाचं मूळ भाषांतरात आहे. सॅम्युएल अजायी क्राउथर हा योरुबा मुलगा १८२१ मध्ये गुलाम म्हणून पकडला गेला, सिएरा लिओनमध्ये सुटला, ख्रिस्ती झाला आणि १८६४ मध्ये बिशप झाला. योरुबा बायबल मुख्यतः त्याच्या कष्टातून उभं राहिलं, आणि त्या भाषेच्या गद्यावर त्याचे उपकार आहेत. पण त्या बायबलमध्ये देवासाठी ओलोरुन आला आणि सैतानासाठी एशू. पुढच्या पिढ्या तेच वाचत शिकल्या. आज नायजेरियात ‘एशू सैतान नाही’ असे फलक घेऊन लोक मोर्चे काढतात.

खरा एशू म्हणजे निरोप्या. प्रत्येक अर्पणातला पहिला घास त्याचा, कारण तो पोचवेल तेव्हाच ते वर पोचेल. त्याचं ठाणं म्हणजे दाराशी किंवा चव्हाट्यावर रोवलेला जांभा दगड, वरून पामतेल ओतून काळपट झालेला. तो माणसांची परीक्षा पाहतो. दोन जिवलग मित्रांच्या शेतांमधून वाट जात होती. एशू त्या वाटेने एका बाजूने काळी आणि दुसऱ्या बाजूने तांबडी टोपी घालून गेला. संध्याकाळी टोपीच्या रंगावरून दोघे हातघाईवर आले. खोटं कुणीच बोलत नव्हतं. एशूला विसरून मैत्रीच्या आणाभाका घेतल्या होत्या, एवढीच चूक.

११. मग सगळं आधीच ठरलेलं असतं का?

बरंचसं, पण सगळं नाही. ‘ओरी’ म्हणजे डोकं, आणि आतलं डोकं म्हणजे माणसाचं नशीब. जन्माला येण्याआधी प्रत्येकजण अजाला नावाच्या कुंभाराकडे जातो आणि एक डोकं निवडतो. कुंभार हुशार आहे, पण बेभरवशाचा. काही डोकी कच्ची भाजलेली, काही तडकलेली, आणि बाहेरून सगळी सारखी. निवड आपली, पण आंधळी.

म्हणून स्वतःच्या ओरीची पूजा सर्वांआधी. ‘ओरीला पुजावं, ओरिशा बाजूला ठेवावा’ असं ते स्पष्ट म्हणतात. ज्याला ओरीने नाही म्हटलं त्याला कुठलाही ओरिशा हो म्हणू शकत नाही. कच्चं डोकं एबोने आणि मेहनतीने दुरुस्त करता येतं, आणि सर्वांत जास्त ‘इवा’ने. इवा म्हणजे शील, वागणूक. ‘इवा हेच सौंदर्य’ हे वाक्य तुम्हाला तिथे ट्रकच्या मागेही रंगवलेलं सापडेल. इवा नसलेला श्रीमंत माणूस त्यांच्या लेखी लवकरच दुसऱ्याच्या हाती जाणारा पैसा सांभाळतो आहे.

१२. पुनर्जन्म मानतात का?

मानतात, आणि तोही घरातल्या घरात. आजोबा गेल्यावर जन्मलेला मुलगा बाबातुंडे, ‘बाप परत आला’. आजीनंतरची मुलगी येतुंडे, ‘आई परत आली’. तरीही आजोबा पूर्वजांच्या लोकातही असतात, त्यात त्यांना विरोध दिसत नाही. ‘जग हा बाजार, घर तिकडे’ अशी म्हण आहे.

दुखरी बाजू आबिकूची. वारंवार जन्मून वारंवार मरणारं मूल, ज्याचे सवंगडी पलीकडून त्याला बोलावत असतात. त्याला थांबवण्यासाठी ‘मालोमो’ (पुन्हा जाऊ नकोस), ‘दुरोजाये’ (थांब, जग भोग) अशी नावं ठेवतात. पोर जगावं म्हणून आपल्याकडे दगडू, धोंडू, केरू ठेवत, तीच आईची घालमेल. त्यांतल्या कित्येक मृत्यूंमागे सिकलसेलचा आजार असावा, असं आता डॉक्टर सांगतात.

१३. जुळ्यांची पूजा करतात हे खरं का?

जुळी म्हणजे इबेजी, आणि ती ओरिशाच. योरुबांमध्ये जुळ्यांचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. इग्बो-ओरा हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. आधी जन्मतो तो तायवो, मागून येतो तो केहिंडे, पण थोरला केहिंडे. त्याने धाकट्याला पुढे पाठवलं, ‘जा, जग कसं आहे ते चाखून सांग.’ एक दगावला तर त्याची लाकडी बाहुली कोरून घेत, आणि आई तिला न्हाऊ-माखू घालून, नेसवून, दुसऱ्याबरोबर भरवत असे. संग्रहालयांत अशा बाहुल्या मी काचेमागे पाहिल्या आहेत. त्यांचे चेहरे धुऊन धुऊन गुळगुळीत झालेले असतात. नाकडोळे उरलेले नसतात.

१४. अंगात येतं का?

येतं, पण प्रत्येकाच्या नाही आणि प्रत्येक ओरिशा येत नाही. इफात नाही. शांगो, ओशुन, येमोजा, ओया यांच्या दीक्षितांच्या येतं. त्या माणसाला ‘एलेगुन’ म्हणतात, ज्याच्यावर देव स्वार होतो तो. दीक्षित पुरुष असला तरी तो देवाची ‘बायको’. ओयोला शांगोचे पुरुष पुजारी केसांच्या वेण्या घालून आणि स्त्रीवेषात नाचतात ते यासाठी. ओयोचा शांगो उत्सव २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला.

१५. काही उत्सवांत बायकांना घराबाहेर पडता येत नाही, हे कसं चालतं?

तो ओरो या देवाचा उत्सव. ओरोचा घोंघावणारा आवाज गावात फिरतो तेव्हा बायकांनी दारं लावून आत बसायचं. त्याला पाहणं निषिद्ध. मी दोनदा अशी आत बसले आहे. परंपरेचा आदर म्हणून बसले, पण मला ते पटलं नाही, आणि तिथल्या अनेक बायकांनाही पटत नाही. दिवसाढवळ्या अशी बंदी घालण्यावरून प्रकरणं कोर्टात गेली आहेत. संचारस्वातंत्र्य राज्यघटनेत आहे आणि उपासनेचं स्वातंत्र्यही. एगुंगुन, म्हणजे पूर्वज अंगभर कापडं पांघरून येतात तो उत्सव, पाहायला मात्र सगळं गाव लोटतं.

पण एवढ्यावरून हा धर्म पुरुषांचा ठरत नाही. गेलेडे या मुखवट्यांच्या नाचात पुरुष स्त्रीवेष घेऊन ‘आमच्या आयां’च्या शक्तीला नमतात. नदीच्या देवळांचा कारभार बायकांच्या हाती आहे.

१६. बहुतेक योरुबा ख्रिस्ती किंवा मुसलमान आहेत ना? मग हे पाळतं कोण?

बहुतेक आहेत, बरोबर. नेमका आकडा कुणालाच देता येणार नाही, कारण १९६३ नंतर धर्माची नोंद असलेली जनगणना नायजेरियात झालेली नाही.

एकाच घरात मोठा भाऊ हाजी, धाकटा पाद्री आणि चुलता बाबालावो, हे मी पाहिलं आहे. सण एकमेकांकडे. त्यांची जुनी म्हण आहे: इफा आम्हाला जगात आधीपासून भेटला, इस्लामही भेटला, ख्रिस्ती धर्म भर दुपारी आला. रविवारी चर्च आणि मंगळवारी गुपचूप कौल, अशीही माणसं पुष्कळ. पण अलीकडे लाजही वाढली आहे. ‘इफा’, ‘ओगून’, ‘ओशुन’ यांनी सुरू होणारी आडनावं बदलून तिथे येशूचं नाव घालतात. बापजाद्यांचा देव आडनावातून खरवडून काढलेला पाहिला की वाईट वाटतं.

उलट प्रवाहही आहे. २० ऑगस्ट हा इशेशे दिवस. ओशुन, ओयो, ओगुन, लागोस या राज्यांनी त्याची सार्वजनिक सुट्टी दिली आहे. दुसरीकडे २०२३ मध्ये इलोरिनला आखलेला इशेशे उत्सव एका मुस्लिम गटाच्या धमकीमुळे रद्द करावा लागला.

१७. क्यूबा आणि ब्राझीलमध्ये हे देव कसे पोचले?

बेड्यांतून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओयोचं साम्राज्य कोसळलं, आपसांतली युद्धं पेटली, आणि कैद झालेली माणसं अटलांटिकपार विकली गेली. क्यूबात त्यांचा धर्म लुकुमी किंवा सांतेरिया झाला, ब्राझीलच्या बाइयात कांदोंब्ले, त्रिनिदादमध्ये ओरिशा. मालकांच्या डोळ्यांदेखत पूजा करण्यासाठी ओरिशांना कॅथलिक संतांची नावं मिळाली. शांगो झाला संत बार्बारा, येमोजा रेग्लाची माता. साल्वादोर शहरात दर २ फेब्रुवारीला हजारो लोक येमोजासाठी फुलं आणि अत्तरं समुद्रात सोडतात. आफ्रिकेत ती नदीची, तिकडे समुद्राची झाली. ज्या पाण्यावरून नेलं त्या पाण्यातच तिला पाहिलं असावं.

१८. हाच वूडू का?

नाही. वूडूचं मूळ वोडुन, आणि तो शेजारच्या ‘फोन’ नावाच्या लोकांचा धर्म. दोघांचं येणंजाणं जुनं आहे, इफाला ते फा म्हणतात, पण देव आणि विधी वेगळे.

१९. जंजिऱ्याचे सिद्दी योरुबाच होते का?

नव्हते. सिद्दींचे पूर्वज पूर्व आफ्रिकेच्या बाजूचे, योरुबांचा मुलूख खंडाच्या दुसऱ्या टोकाला. मधलं अंतर जमिनीने हजारो किलोमीटर.

२०. बाहेरच्या माणसाला दीक्षा मिळते का? मला ऑनलाइन कुणी देऊ केली आहे.

मिळते. सुझान वेंगर ही ऑस्ट्रियन चित्रकार १९५० मध्ये आली, क्षयाने आजारी पडली, ओबातालाच्या पुजाऱ्याच्या सहवासात बरी झाली आणि परत गेलीच नाही. ‘अदुन्नी’ नावाने ती ओशोग्बोची झाली आणि २००९ मध्ये तिथेच वारली. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनात १९७० पासून ओयोतुंजी हे योरुबा गावच वसवलेलं आहे.

पण दीक्षा व्हिडिओ कॉलवर होत नाही. तिला उपवन लागतं, पाणी लागतं, साक्षीला माणसं लागतात, आणि ती घ्यायची की नाही हे आधी कौलात विचारावं लागतं. पैसे आधी मागून तारीख नंतर सांगणारा असेल तर बोलणं थांबवा.

२१. ओशोग्बोला जायचं आहे. काय पाहावं, कसं वागावं?

ऑगस्टमध्ये जा. ओशुनचा उत्सव दोन आठवड्यांचा असतो. सोळा वातींचा दिवा रात्री लावतात, आणि शेवटच्या दिवशी अरुग्बा निघते, राजघराण्यातली अविवाहित मुलगी, डोक्यावर सगळ्या गावाचं अर्पण. झाकलेल्या त्या ओझ्याखाली ती राजवाड्यापासून नदीपर्यंत चालते. तिचा पाय अडखळू नये म्हणून हजारो माणसं श्वास रोखून असतात.

नदीकाठी ७५ हेक्टरांची देवराई आहे, २००५ पासून जागतिक वारसा. आत शिकार नाही, मासेमारी नाही, फांदी तोडायची नाही. गावाची कथाही इथलीच: पहिल्या वस्तीकरांनी झाड तोडलं, ते नदीत पडलं, आणि पाण्यातून आवाज आला, ‘माझी निळीची रांजणं फोडलीत!’ मग ओशुनशी करार झाला. तुम्ही मला जपा, मी तुम्हाला जपेन. पन्नास-साठच्या दशकांत ही राई ओस पडून लाकूडतोड सुरू होणार होती. अदुन्नीने, म्हणजे सुझान वेंगरने (प्रश्न २० पाहा), स्थानिक गवंडी-सुतारांना हाताशी धरून तिथे सिमेंटची उंच, वळणावळणाची देवळं उभारली आणि ती राई वाचली.

पांढरे किंवा साधे कपडे घाला. पुजारणींचे फोटो विचारून काढा. नदीजवळ ‘ओरे येये ओ’ ऐकू येईल, ती ओशुनची हाक, तुम्हीही म्हणा. बायका पाणी बाटल्यांत भरून घेतील, मूल व्हावं म्हणून पितील, तुम्हालाही देतील. ते हाताला लावा, डोक्याला लावा, पण पिऊ नका. वरच्या अंगाला इलेशाच्या बाजूला सोन्याच्या बेकायदा खाणी आहेत आणि नदीचं पाणी आता वर्षभर गढूळ तांबूस असतं. सरकारनेही ते पिऊ नये असं सांगितलं आहे. पुजारणींना हे ठाऊक आहे. काहींनी माझ्याजवळ डोळे पुसत सांगितलं, आणि मग मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईची बाटली भरून दिली.